नोंदीपाशी तुंबलेली रांग

संगणकाच्या इतिहासावर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते यंत्रांविषयी असते, कंपन्यांविषयी असते, क्वचित माणसांविषयी असते. नोंदवह्यांविषयी नसते. यंत्र दिवसभर स्वतःच्या कामाविषयी ज्या ओळी लिहून ठेवते, ज्याला आमच्या धंद्यात ‘लॉग’ म्हणतात, त्यालाही इतिहास आहे. माझी नोकरीची बरीच वर्षे संगणक केंद्रांत गेली आणि त्यातला मोठा भाग या ओळी वाचण्यात गेला, म्हणून मला हा विषय जवळचा. त्या इतिहासातले एकच प्रकरण इथे मांडतो. लोकांची यादी भराभर वाचून दाखवण्यासाठी बांधलेली एक यंत्रणा, आपण काय वाचून दाखवले हे लिहिता लिहिता कशी मंदावली, आणि तिची गती परत मिळवण्यासाठी कुणी काय काय सोडून दिले, याचे हे प्रकरण आहे.

‘लॉग’ हा शब्द समुद्रावरून आला. जहाजाचा वेग मोजण्यासाठी इंग्रज खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा ठोकळा मागे पाण्यात टाकत आणि ठरावीक वेळात किती दोरी सुटली ते मोजत. विल्यम बोर्न याने १५७४ साली नौकानयनावर लिहिलेल्या पुस्तकात या पद्धतीचे वर्णन आहे. दोरीला गाठी मारलेल्या असत, म्हणून जहाजाचा वेग अजूनही गाठींत, म्हणजे ‘नॉट’मध्ये, सांगतात. ते आकडे ज्या वहीत उतरवायचे ती ‘लॉगबुक’. पुढे वही म्हणजेच लॉग झाला. वेग मोजायच्या साधनाचे नाव वेग कमी करणाऱ्या गोष्टीला मिळावे, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. आपल्याकडे याला रोजकीर्द म्हणता येईल. पेशवे दफ्तरात ज्यांनी काम केले आहे त्यांना रोजकीर्दीचे मोल सांगायला नको. लिहिणाऱ्या कारकुनाला जे रटाळ वाटले असेल तेच दोनशे वर्षांनी अभ्यासकाला हवे असते.

संगणकावरच्या रोजकीर्दीची आज रूढ असलेली पद्धत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या आवारात जन्मली. एरिक ऑलमन हा तिथला प्रोग्रामर. १९७९ च्या सुमारास त्याने टपाल पोचवणारा एक प्रोग्रॅम लिहिला, तोच पुढे ‘सेंडमेल’ झाला. निरनिराळ्या जाळ्यांवरून निरनिराळ्या पत्त्यांनी येणारी टपालाची पाकिटे योग्य ठिकाणी लावायची, तर कुठले पाकीट कुठे अडकले हे कुठेतरी लिहून ठेवणे भाग होते. त्यासाठी ऑलमनने ‘सिसलॉग’ हा वेगळा छोटा कारकून केला. इतर प्रोग्रॅमांनी आपापली वही उघडण्याऐवजी या कारकुनाच्या खिडकीत चिठ्ठी टाकायची. चिठ्ठी कुठल्या वहीत उतरवायची, कुणाला दाखवायची, की टाकून द्यायची, हे त्याने ठरवायचे. १९८३ सालच्या बर्कली युनिक्सबरोबर हा कारकून बाहेर पडला आणि बाकीच्या प्रोग्रॅमांनीही त्याच्याच खिडकीत चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. प्रत्येकाने स्वतःची वही सांभाळण्यापेक्षा हे किती सोयीचे होते, ते केंद्र चालवणाऱ्यालाच कळेल.

प्रत्येक चिठ्ठीवर दोन शिक्के असत: विषय कुठला आणि तातडी किती. तातडीच्या आठ पायऱ्या. सगळ्यात वरची ‘आणीबाणी’, सगळ्यात खालची प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्याच उपयोगाची बारीकसारीक बडबड. विषयांची यादी मात्र वाचण्यासारखी आहे. टपाल, छपाईयंत्र, टेलिफोनवरून रात्री फायली पोचवणारी ‘यूयूसीपी’, चर्चागटांची ‘न्यूज’. त्या काळात यंत्रावर ज्यांची वर्दळ होती, तेवढेच विषय. यूयूसीपी आता जवळजवळ इतिहासजमा आहे, पण तिचा आठवा क्रमांक आजही राखीव आहे. डिरेक्टरी हा विषय यादीत नाही, कारण तेव्हा डिरेक्टरी सर्व्हर अस्तित्वातच नव्हते. ज्यांना जागा नाही त्यांच्यासाठी ‘लोकल’ नावाचे आठ बिननावी कप्पे शून्य ते सात असे शेवटी ठेवले आहेत. डिरेक्टरी पुढे त्यातल्या ‘लोकल-चार’मध्ये येऊन राहिली आणि अजून तिथेच आहे.

आणखी एक गोष्ट. या पद्धतीला बरीच वर्षे लिखित नियमच नव्हते. ज्याने त्याने बर्कलीचे पाहून आपापले केले. लोक प्रत्यक्षात काय करतात याचे वर्णन २००१ साली आरएफसी ३१६४ या दस्तऐवजात आले, आणि रीतसर प्रमाण ठरायला २००९ साल, आरएफसी ५४२४, उजाडले. जी चिठ्ठी टाकली ती पोचलीच पाहिजे, असे जुन्या पद्धतीने कुणाला कधी वचन दिले नव्हते. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे चिठ्ठ्या जात त्या यूडीपीने, म्हणजे पोच न मागता. साध्या टपालासारखे, रजिस्टर नव्हे.

या वहीची किंमत किती असते, हेही बर्कलीतच दिसले. आवाराच्या वरच्या टेकडीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे. १९८६ साली तिथल्या संगणकाच्या वापराच्या हिशेबात पाऊण डॉलरचा, ७५ सेंटचा, फरक निघाला. तो शोधण्याचे काम क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाकडे आले, आणि त्या पाऊण डॉलरचा माग पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत गेला. तिथून कुणीतरी अमेरिकी लष्करी संगणकांत शिरत होते. स्टोलने या शोधावर १९८९ साली लिहिलेले पुस्तक गाजले. त्यातला तपशील इथे देत नाही. मला महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट. यंत्रावरच्या नोंदींवर स्टोलने भिस्त ठेवली नाही. ज्याच्या हाती यंत्र आहे तो त्या नोंदी पुसू शकतो, हे त्याला कळत होते. त्याने सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर उचलून आणले आणि बाहेरून येणाऱ्या तारांना जोडले. घुसखोराने दाबलेले प्रत्येक बटण कागदावर उमटत गेले आणि संगणकाला त्याचा पत्ताही नव्हता. तो कागद नसता तर पुढचा तपास उभाच राहिला नसता.

आता डिरेक्टरीकडे वळू. टेलिफोनची डिरेक्टरी सगळ्यांना माहीत आहे. १९८८ साली टेलिफोन-तार खात्यांची आंतरराष्ट्रीय समिती सीसीआयटीटी आणि प्रमाणीकरणाची संघटना आयएसओ यांनी मिळून एक्स.५०० नावाचे प्रमाण काढले. साऱ्या जगातल्या माणसांची आणि संस्थांची एकच, झाडासारख्या फांद्या असलेली यादी असावी, असा तो मनसुबा होता. देश, देशात संस्था, संस्थेत विभाग, विभागात माणूस. कल्पना भव्य, पण तिच्याशी बोलायची रीत इतकी अवजड की त्या काळच्या घरगुती संगणकाला ती पेलवत नसे. मिशिगन विद्यापीठात टिम हाऊज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिची हलकी आवृत्ती काढली. १९९३ च्या जुलैमध्ये वेंगयिक येओंग, हाऊज आणि स्टीव्ह किल यांच्या नावाने ती आरएफसी १४८७ म्हणून प्रसिद्ध झाली. नावातच ‘लाइटवेट’ आहे: एलडॅप. सुरुवातीला हा नुसता दुभाष्या होता. साध्या यंत्राचा प्रश्न घ्यायचा, तो मागच्या अवजड एक्स.५०० ला विचारायचा, उत्तर आणून द्यायचे. १९९५ साली मिशिगनने मागचे धूड काढून टाकले आणि स्वतःच्या पायावर उभा असलेला सर्व्हर केला. त्याचे नाव ‘स्लॅपडी’. त्याच प्रोग्रॅमच्या पायावर १९९८ साली कर्ट झाइलेंगा यांच्या पुढाकाराने ‘ओपनएलडॅप’ हा खुला प्रकल्प सुरू झाला. आज विद्यापीठात, बँकेत किंवा सरकारी खात्यात आपण नाव आणि पासवर्ड टाकून आत शिरतो, तेव्हा पडद्यामागे बहुधा असाच कुठला तरी डिरेक्टरी सर्व्हर ‘हा माणूस खरा आहे का’ या प्रश्नाचे उत्तर देत असतो.

या सर्व्हरची जडणघडण एका गृहीतावर आहे: यादी बदलते क्वचित, वाचली जाते सतत. माणूस नोकरीला लागला की एकदा लिहायचे, सोडून गेला की एकदा खोडायचे. मधल्या वर्षांत हजारो वेळा वाचायचे. म्हणून सगळी हुशारी वाचनावर खर्च केलेली. सूची बांधून ठेवायच्या, शक्य तेवढी यादी मेमरीत घेऊन ठेवायची, आणि डिस्ककडे जाण्याची वेळच येऊ द्यायची नाही.

आणि हा सर्व्हर प्रत्येक वाचनाची चिठ्ठी सिसलॉगच्या खिडकीत टाकतो.

अडचण नेमकी इथे आहे. एक माणूस सकाळी लॉगिन करतो तेव्हा ओपनएलडॅपच्या नेहमीच्या पातळीवर, जिला आकड्यांत २५६ म्हणतात, काय काय लिहिले जाते ते पाहा. अमुक पत्त्यावरून कनेक्शन आले. अमुक नावाने ओळख सांगितली. ती अमुक पद्धतीने मान्य झाली. तिचा निकाल. शोध कुठून सुरू केला आणि काय शोधले. त्या नोंदीतल्या कुठल्या गोष्टी मागितल्या. शोधाचा निकाल, किती नोंदी सापडल्या. निरोप घेतला. कनेक्शन बंद. झाल्या नऊ ओळी. ज्या कामासाठी डिस्कला हातही लावावा लागला नाही, त्याच्यासाठी डिस्कवर नऊ ओळी. वाचनासाठी बांधलेले यंत्र प्रत्यक्षात दिवसभर लिहीत बसलेले असते.

नुसते लिहिणे तसे महाग नाही. ऑपरेटिंग सिस्टीम लिहायचे ते आधी मेमरीत जमा करते आणि सवडीने डिस्कवर टाकते. पण लिनक्सवरचा जुना सिसलॉग एक जास्तीची खबरदारी घ्यायचा. प्रत्येक ओळीनंतर तो डिस्कला म्हणायचा: आत्ता, माझ्यासमोर उतरव, उतरल्याशिवाय मी पुढची चिठ्ठी घेत नाही. हेतू चांगला होता. यंत्र कोसळले तर कोसळण्याआधीची शेवटची ओळ वाचावी, कारण कारण तिच्यातच असते. पण किंमत बघा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. प्रत्येक ओळीला एक फेरा वाट पाहायची असे ढोबळ मानले तर सेकंदाला १२० ओळी. नऊने भागा: सेकंदाला तेरा लॉगिन. दहा हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात सगळ्यांनी एकदम लॉगिन करायचे म्हटले तर शेवटच्याला तेरा मिनिटे. प्रत्यक्षात फाईलची लांबी वगैरे दुसरीकडे लिहावे लागत असल्याने फेरे याहून जास्त पडत. एरवी एकसारख्या ओळी पुन्हा पुन्हा आल्या तर ‘वरचीच ओळ इतक्या वेळा’ असे लिहून सिसलॉग काम वाचवायचा. डिरेक्टरीच्या प्रत्येक ओळीत कनेक्शनचा नवा क्रमांक असल्याने तीही सोय लागू पडत नसे.

सिसलॉग हळू चालला तर डिरेक्टरीने का थांबावे, असा प्रश्न इथे पडेल. खिडकी लहान असते म्हणून. लिनक्समध्ये या खिडकीत एका वेळी दहाच चिठ्ठ्या मावत, असे कित्येक वर्षे होते. अकरावी टाकायला आलेल्याने जागा होईपर्यंत तिथेच उभे राहायचे. भरीला, एकाच प्रोग्रॅमच्या अनेक धाग्यांनी एकदम चिठ्ठी टाकू नये म्हणून दाराला कुलूप असते. डिरेक्टरी सर्व्हरचे सोळा धागे सोळा गिऱ्हाइकांना सांभाळत असतात. त्यातला एक कुलूप घेऊन खिडकीशी खोळंबला की बाकीचे पंधरा आपापली चिठ्ठी हातात धरून त्याच्यामागे. बाहेरून दिसते ते असे: प्रोसेसर मोकळा, मेमरी भरपूर, यादी चिमुकली, आणि लॉगिनला वीस सेकंद. ज्याने पूर्वी पाहिलेले नाही तो डिरेक्टरीची सूची तपासत बसतो, मेमरी वाढवतो, नवे यंत्र मागतो. नव्या यंत्रावरही डिस्क तेवढ्याच वेगाने फिरते.

यात एक अधिक वाईट गाठ पडू शकते. सिसलॉगला एखाद्या चिठ्ठीच्या मागे कुणाचे नाव शोधायचे असेल, आणि यंत्रावरची सगळी नावे डिरेक्टरीतूनच येतात अशी व्यवस्था असेल, तर सिसलॉग डिरेक्टरीच्या उत्तराची वाट पाहतो आणि डिरेक्टरी सिसलॉगच्या खिडकीत जागा होण्याची. दोघेही सभ्यपणे थांबून राहतात.

मी एका शिक्षणसंस्थेच्या संगणक केंद्रात होतो तेव्हाचे सांगतो. संस्थेचे नाव घ्यायचे कारण नाही. असे तेव्हा पुष्कळ ठिकाणी होत असे. सकाळी साडेनऊ ते दहा या वेळात लॉगिन रखडायचे. प्रयोगशाळेत मुले स्क्रीनकडे बघत बसायची, प्राध्यापक फोन करायचे. यादीत पुरती सहा हजार नावेही नव्हती. ती सगळी मेमरीत आरामात मावत होती. तरी डिस्कचा दिवा अखंड पेटलेला. वाचायला डिस्क लागत नाही तर दिवा कशाचा, एवढाच प्रश्न होता, आणि उत्तर नोंदवहीत होते. मी टिपण लिहून वर पाठवले: ओळ लिहिली की लगेच उतरवण्याची सक्ती काढावी, नोंदी चालू ठेवाव्यात. टिपणावर शेरा मिळाला नाही. तोंडी आदेश आला की नोंदीच बंद करा. पातळी शून्य केली. दुसऱ्या दिवशी साडेनऊला रखडपट्टी संपलेली होती आणि केंद्रप्रमुखांचे कौतुक झाले.

सात-आठ महिन्यांनी परीक्षा विभागातल्या एका लिपिकाच्या खात्यातून काही गुणांमध्ये फेरफार झाल्याचे निघाले. लिपिकाचे म्हणणे असे की त्या दुपारी तो जागेवर नव्हता, पासवर्ड विभागात आणखी दोघांना माहीत होता. विभागातल्या संगणकांना ठरलेले पत्ते होते. त्या दुपारी त्याच्या नावाने ओळख कुठल्या पत्त्यावरून सांगितली गेली, हे एका ओळीत कळले असते: नऊपैकी पहिल्याच ओळीत. ती ओळ कुठेच नव्हती. चौकशी समितीने आमच्याकडे नोंदी मागितल्या. नोंदी ठेवल्या जात नाहीत असे लेखी उत्तर गेले. लिपिकाची बदली झाली. त्याने केले होते की नाही हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आजही नाही.

खरे म्हणजे नोंदी ठेवून गती मिळवण्याचा उपाय तेव्हाही उपलब्ध होता आणि तो एका चिन्हाचा होता. सिसलॉगच्या मांडणीत वहीच्या नावाआधी उणे चिन्ह दिले की तो प्रत्येक ओळीला डिस्कपाशी थांबायचे सोडून देतो. त्याच्या माहितीपानावरच हे लिहिलेले असे, आणि पुढे इशारा: यंत्र लिहिता लिहिता कोसळले तर काही ओळी जातील. रेड हॅटच्या लिनक्समध्ये टपालाच्या वहीला हे उणे चिन्ह आधीच लावून मिळे, कारण टपालाची वर्दळ मोठी असते हे बनवणाऱ्यांना माहीत होते. डिरेक्टरीच्या ‘लोकल-चार’ला तशी कुणी काळजीवाहू व्यक्ती नव्हती, ज्याने त्याने आपले पाहायचे. २००४ साली जर्मनीतल्या रेनर गेरहार्ड्स यांनी सुरू केलेल्या ‘आरसिसलॉग’ने पुढे ही सक्ती मुळातच काढून टाकली; आता उणे चिन्हाची गरज उरली नाही. म्हणजे एके काळी जी खबरदारी गृहीत होती, ती आज हवी असेल तर मागून घ्यावी लागते. हा बदल फारशी चर्चा न होता झाला.

ओपनएलडॅपच्या मार्गदर्शिकेने या बाबतीत घेतलेली भूमिका मला नेहमी समंजस वाटली. पातळी शून्य करणे आदर्श नाही, असे ती बजावते, कारण मग बिघाड कधी सुरू झाला हेच कळणार नाही. २५६ ठेवा, उणे चिन्ह लावा. आणि बारीक तपास करायचा असेल तर सिसलॉगच्या नादी लागू नका. तो हळू आहे आणि झेपले नाही की ओळी टाकून देतो. यातली पहिली सूचना किती व्यवहारी आहे पाहा. शोध मंद चालला आहे तो अमुक गोष्टीची सूची बांधलेली नाही म्हणून, हेही सर्व्हर त्याच वहीत लिहितो. गती वाढावी म्हणून वही बंद करणारा, गती का घटली हे सांगणारे एकमेव तोंडही बंद करतो.

मिशिगनच्या घराण्याची दुसरी शाखा वेगळ्या वाटेने गेली. टिम हाऊज १९९६ साली नेटस्केप कंपनीत गेला आणि तिथे व्यापारी डिरेक्टरी सर्व्हर तयार झाला. आज तो रेड हॅटच्या छत्राखाली ‘३८९ डिरेक्टरी सर्व्हर’ म्हणून जिवंत आहे. (३८९ हा एलडॅपच्या दाराचा, म्हणजे पोर्टचा, क्रमांक.) या शाखेने सिसलॉगच्या खिडकीत जाण्याऐवजी स्वतःची वही ठेवली आणि ओळी आधी मेमरीत साठवून, पुरेशा झाल्या की एकगठ्ठा उतरवायची पद्धत घेतली. त्यामुळे भर गर्दीतही नोंद चालू ठेवता येते. याचा त्रास वेगळा: काहीतरी बिघडले म्हणून आपण वहीकडे टक लावून बसावे आणि वहीत काहीच उमटू नये. ओळ लिहिली गेलेली असते, अजून खिशातून बाहेर आलेली नसते. चूकभुलीच्या नोंदी मात्र या सर्व्हरने खिशात ठेवल्या नाहीत, लगेच उतरवल्या. कुठली ओळ थांबू शकते आणि कुठली नाही, हा विवेक बनवणाऱ्यांनी आधीच केला. सिसलॉगच्या त्या जुन्या सक्तीत तो नव्हता. तिथे प्रत्येक ओळ सारखीच तातडीची.

२०११ मध्ये लिनक्सच्या जगात ‘जर्नल’ नावाचा नवा कारकून आला. त्याने तर आणखी एक नियम आणला. एकाच सेवेने फार बडबड केली तर पुढच्या ओळी गाळायच्या आणि ‘इतक्या ओळी गाळल्या’ असे लिहायचे. बरीच वर्षे ही मर्यादा ३० सेकंदांत १,००० ओळी होती. पुढे ती दसपट केली गेली. बिघडलेल्या प्रोग्रॅमने डिस्क भरून टाकू नये यासाठी हा नियम ठीक आहे. पण डिरेक्टरी बिघडलेली नसतानाही बडबडी असते. १,००० भागिले ३० भागिले ९: सेकंदाला चार लॉगिनही नाहीत. त्यावरची माणसे नोंदीविना आत. पूर्वी गिऱ्हाईक खोळंबायचे आणि ओळ वाचायची. आता गिऱ्हाईक सुटते आणि ओळ जाते. गर्दीच्या वेळीच नोंदी गळतात, आणि गैरकृत्य करणाऱ्याला गर्दीची वेळ सोयीची असते, हे वेगळे सांगायला नको.

दरम्यान डिरेक्टरी स्वतः फार वेगवान झाली. ओपनएलडॅपचे मुख्य शिल्पकार हॉवर्ड चू यांनी २०११ च्या सुमारास एलएमडीबी हा नवा कोठारप्रकार आणला. त्यात वाचणाऱ्याला कुठल्याही कुलपासाठी थांबावे लागत नाही. वाचन जितके स्वस्त झाले तितकी नोंद डोळ्यांत खुपू लागली. सोळाच्या जागी चौसष्ट धागे बिनअडथळा वाचून येतात आणि दाराशी त्याच एका कुलपापुढे रांग लावतात. फिरत्या डिस्कच्या जागी फिरता भागच नसलेल्या डिस्क आल्याने आठ मिलिसेकंदांचा हिशेब मागे पडला, पण कुलूप आणि खिडकी राहिलीच. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएलडॅप २.६ ने सिसलॉगला वळसा घालून थेट स्वतःच्या फाईलमध्ये लिहिण्याची सोय दिली. पंचवीसेक वर्षांपूर्वी नेटस्केपच्या शाखेने जी वाट धरली होती, तिच्यावर मिशिगनची थोरली पाती आता आली. आणि ऑलमनने जे एक गाऱ्हाणे मिटवले होते, प्रत्येकाची वही वेगळी आणि वेगळ्या जागी, ते तेवढ्यापुरते परत आले.

भारतात हा प्रश्न आता केंद्रप्रमुखाच्या मर्जीचा राहिलेला नाही. सायबर सुरक्षेसाठी नेमलेल्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निर्देश काढले. सर्व संगणक यंत्रणांच्या नोंदी चालू ठेवायच्या, मागच्या १८० दिवसांच्या सुरक्षित जपायच्या आणि त्या भारताच्या अधिकारक्षेत्रात असायच्या, असे त्यात आहे. पातळी शून्य करण्याचा तोंडी आदेश आज कुणी दिला तर तो या निर्देशांच्या विरुद्ध जाईल. आकार किती होतो तो हिशेब सोपा आहे. नऊ ओळींचा साधारण एक किलोबाइट धरा. सेकंदाला शंभर लॉगिन दिवसरात्र चालू असतील तर दिवसाला साडेआठ गिगाबाइटच्या वर, १८० दिवसांना दीड टेराबाइट. आजच्या भावाने ही डिस्क एखाद्या अधिकाऱ्याच्या खुर्चीहून महाग नाही.

ठेवायच्या जागेचा प्रश्न त्यामुळे सुटला आहे. ओळ वेळेवर वहीपर्यंत पोचते का, हा प्रश्न वेगळा, आणि तो निर्देशांत सुटत नाही. जर्नलने गाळलेली ओळ १८० दिवस जपता येत नाही. लेखापरीक्षक वही आहे का हे विचारतात, आणि वही असते. तिच्यात ‘इतक्या ओळी गाळल्या’ ही ओळ कितीदा आली आहे हे मोजून पाहणारा लेखापरीक्षक मला अजून भेटायचा आहे. हे शोधायला एका साध्या आज्ञेपलीकडे काही लागत नाही, आणि सकाळी साडेनऊ ते दहा या वेळातल्या नोंदींपासून सुरुवात केली तर फार वेळही लागत नाही.